सवलत दुपारची, दिवा रात्रीचा

दुपारी सौरवीज भरपूर, म्हणून महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली. ऐकायला गोड! पण पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या, जनता वसाहतीच्या आमच्या आयाबहिणी तेव्हा कुठे असतात? कोरेगाव पार्क, सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये. तिथले वॉशिंग मशीन त्याच लावतात, सवलत मालकाच्या बिलात जमा होते. त्यांच्या स्वतःच्या खोलीत दिवा-पंखा लागतो तो सातनंतर, पुऱ्या दराने. पोटमीटरवरच्या भाडेकरूला तर घरमालक सांगेल तोच दर! मजूरमंत्री असताना १९४३ साली बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता, तो घड्याळ पाहून नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, सवलत द्यायची तर पहिल्या शंभर युनिटांना द्या, चोवीस तास.