माशावर दही चालतं

स्मोक्ड फिश डिप हे नाव परदेशी आहे, पदार्थ तितका परका नाही. वांगं निखाऱ्यावर भाजून, सोलून दह्यात कालवलं की आपण त्याला भरीत म्हणतो. वांग्याच्या जागी मासा घ्या, दह्याच्या जागी चक्का, की झालं डिप. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मलेट नावाचा मासा लाकडाच्या धुरात कितीतरी वेळ ठेवतात, मग क्रीम चीजमध्ये कालवून खारट बिस्किटांवर लावून खातात. आपल्याला एवढा खटाटोप नको. मुसलमान घरांत धुंगार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. खिम्याला देतो, डाळीला देतो, बैंगनच्या भरत्याला देतो. माशाला द्यायला काय हरकत आहे?

हरकत धुराची नाही, दह्याची आहे. घरी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खाला दारातूनच म्हणाल्या, "मछली पे दही नक्को, सफेद दाग आते." शेजारच्या काकूंना वाटी दिली तर त्यांचाही पहिला प्रश्न तोच, "यात दही आहे का हो?" या शहराच्या नावावर आपलं एकमत होत नाही, पण मासा आणि दूध-दही एकत्र खाल्लं की अंगावर कोड फुटतं, यावर औरंगपुऱ्यापासून किराडपुऱ्यापर्यंत सगळे एका सुरात बोलतात. चरकसंहितेने मासा आणि दूध यांना विरुद्ध आहार म्हटलंय. युनानी हकीमही तेच परहेज सांगतात. एरवी एकमेकांच्या ताटाकडे संशयाने बघणारे आपण इथे मात्र एका ताटात.

पण ही समजूत खरी नाही. कोड म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्या पेशी मरतात आणि तिथली कातडी पांढरी पडते. हा संसर्ग नाही, कुष्ठरोग नाही. जगात साधारण शंभरात एखाद्याला होतो, मासा न खाणाऱ्यांनाही होतो. आणि बंगालकडे बघा ना. तिथे दोई माछ म्हणजे चक्क दह्यात शिजवलेला रोहू, लग्नाकार्यातही वाढतात. फिनलंडमध्ये दुधा-सायीत माशाचं सूप करतात, न्यूयॉर्कचे यहुदी खारवलेला सामन क्रीम चीजबरोबर पावात घालून खातात. मासा-दही खाऊन कोड फुटत असतं तर अख्खं कोलकाता पांढरं पडलं असतं.

माशाने अंगावर काही उठतच नाही असं मात्र नाही. बांगडा, ट्यूना असे समुद्रातले मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पुरळ येतं, काही तासांत उतरतं. काहींना माशाची अॅलर्जी असते, काहींना दुधाची. त्यांनी जपावंच. पण हे लाल पुरळ आणि कोडाचा पांढरा डाग यांचा एकमेकांशी संबंध नाही.

इतकं सांगायचं कारण वर्गातलं आहे. सातवीतल्या एका मुलीच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर डाग आले. मुली तिच्या डब्यातलं घेईनाशा झाल्या. तिची अम्मी भेटायला आली ती गुन्हेगारासारखी मान खाली घालून. का, तर सासूने आधीच निवाडा दिला होता: "तूच पोटुशी असताना मछली पे दूध पी ली होगी." ती बाई वर्षभर आठवून बघतेय की आपण नक्की कोणत्या दिवशी काय खाल्लं. ज्या आजाराला बाईचा काहीही हात लागत नाही, त्याचा ठपका आपण एका ताटावरून तिच्यावर ठेवतो. पुढे त्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हाच हिशेब पुन्हा निघणार. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 मध्ये 'नितळ' काढला तो कोड असलेल्या मुलीवरच. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते, वधू-वर मेळावेही घेते. वेगळे मेळावे घ्यावे लागतात, यातच काय ते आलं. म्हणून मला वाटतं, हे डिप आवर्जून करावं आणि चार लोकांसमोर खावं. पत्रक वाटून जे होत नाही ते कधी कधी एका वाटीने होतं.

करायचं असं. 1976 मध्ये जायकवाडी धरण झालं तेव्हापासून पैठणकडचा गोड्या पाण्यातला मासा आपल्या शहराला जवळचा झालाय. रोहूला चव आहे, पण बारीक काटे फार, निवडता निवडता जीव जातो. मरळ मिळाली तर उत्तम, नाहीतर कटल्याचे मोठे तुकडे. अर्धा किलो मासा मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग हळद लावून वाफवा किंवा तव्यावर थोड्या तेलात पूर्ण शिजवा. धुंगाराने मासा शिजत नाही आणि टिकतही नाही, फक्त वास लागतो, हे लक्षात ठेवा. निवल्यावर काटे काढून बोटांनी मोकळा करा. पाव किलो दह्याचा रात्रभर टांगून केलेला चक्का, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मिरी, लिंबू, कोथिंबीर. सगळं एकत्र कालवा आणि मगच धुंगार द्या, कारण धुराचा वास चक्क्यातल्या स्निग्धांशाला चांगला धरतो. मधोमध छोटी वाटी, तिच्यात लाकडी कोळशाचा लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, लगेच झाकण. पाच मिनिटं पुरेत. जास्त ठेवलं की कडवट होतं. खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत निखारा धोक्याचा.

एक गोष्ट राहिलीच. माशाला जबिहा लागत नाही. त्यामुळे कोणाच्याही घरचा मासा मुसलमानाला काही न विचारता खाता येतो. मटण समोर आलं की आम्ही संकोचतो आणि वाढणाराही अवघडतो. माशाच्या बाबतीत तो अवघडपणा निम्मा तरी कमी होतो. काकू आता स्वतःच्या घरी हे करतात, बिनधुराचं, कोथिंबीर दुप्पट घालून. माझ्या मते धुराशिवाय त्याला मजा नाही, त्यांच्या मते धूर म्हणजे उगाच नाटक.

खायला नान-खलियातला नान सगळ्यात चांगला, पिवळा, जाड, कडेला जरा कडक. तो नसेल तर ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून तिचे तुकडे. उरलं तर फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आमच्याकडे सहसा उरत नाही. खालाही आता खातात, फक्त आधी विचारतात, "दही कम डाली ना?"