डक्टमधला पाइप कशाचा आहे, हे कोणी विचारतं का?

पोस्ट मोठी आहे, पण फ्लॅट बुक करायच्या आधी वाचा. बुक केला असेल तर नक्कीच वाचा.

गेल्या आठवड्यात मेहुण्यासोबत एका नव्या टॉवरचं काम बघायला गेलो होतो. कुठला ते लिहीत नाही, कारण सगळीकडे तेच चाललंय. सँपल फ्लॅट झकास. टाइल्स, मॉड्युलर किचन, बाल्कनीतून कामवारी दिसते वगैरे. माझी प्लंबिंग मटेरियलच्या धंद्यातली वीस वर्षांची सवय, म्हणून टॉयलेटमागच्या डक्टमध्ये डोकावलो. खालपासून वरपर्यंत पीव्हीसीचे पाइप. स्लॅबमधलं भोक पाइपापेक्षा चांगलं दोन-तीन इंच मोठं, आणि त्यात भरलंय काय, तर थर्माकोल आणि वरून सिमेंटचा हात. सुपरवायझरला विचारलं, फायर कॉलर कुठेय? तो म्हणाला, "दादा, ड्रेनेजच्या पाइपात पाणी असतं, त्याला कसली आग लागणार?"

हा गैरसमज शिकलेल्या लोकांचाही असतो. ड्रेनेजचा उभा पाइप पाण्याने भरलेला नसतो. कोणी फ्लश केलं की थोडा वेळ पाणी भिंतीला धरून खाली उतरतं, बाकी वेळ आत नुसती हवा. वरचं टोक गच्चीवर उघडं. म्हणजे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक स्लॅब फोडून गेलेली ती नळीच आहे.

आता पीव्हीसीबद्दल. ते वाईट मटेरियल नाही, मी स्वतः विकतो. स्वस्त, हलकं, गंजत नाही. ज्वाळा बाजूला केली की स्वतःहून विझतं, हेही खरं. पण ७५-८० अंशांना ते मऊ पडायला लागतं. घरातली आग काही मिनिटांत शेकडो अंशांवर जाते. पाइप वाकतो, गळून पडतो, आणि स्लॅबमध्ये चार इंचांचं उघडं भोक राहतं. शिवाय तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि काळा दाट धूर निघतो. डोळे उघडता येत नाहीत, जिना सापडत नाही. एचडीपीई आणि पीपी तर जळताना थेंब थेंब खाली टपकतात, म्हणजे आग खालीही जाते.

लंडनचं ग्रेनफेल टॉवर आठवत असेल. जून २०१७, ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका किचनमधली आग बाहेरच्या क्लॅडिंगपर्यंत पोचली. कशी? चौकशीत निघालं की खिडकीच्या बाजूच्या यूपीव्हीसीच्या पट्ट्या गरम धुराने वाकल्या आणि आगीला वाट मिळाली. तिथे पाइप नव्हता, पण प्लास्टिक त्याच जातीचं.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? ६ ऑक्टोबर २०२३, पहाटेची वेळ, गोरेगावची जय भवानी इमारत. आग लागली खाली पार्किंगमध्ये, जिथे गाड्या होत्या आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते. धूर वर चढला. किमान सात जण गेले, चाळीसच्या वर जखमी. ते पाइपामुळे झालं असं मी म्हणत नाही. मी कपड्यांच्या गठ्ठ्यांबद्दल बोलतोय. भिवंडीत खाली गाळा, गाळ्यात सूत नाहीतर ग्रे कापडाचे तागे, आणि वर कुटुंबं, अशा किती बिल्डिंगी आहेत? मोजायला बसलो तर दिवस जाईल. त्यात संध्याकाळी वाडा रोडवर स्कूटर निघत नाही, बंब कसा येणार? म्हणून आग जिथे लागली त्या मजल्यावर जितका वेळ कोंडून राहील, तितका वेळ आपला.

मग करायचं काय? जुने लोक बिडाचे पाइप लावायचे, शिशाने सांधे भरायचे. बीड अकराशे अंशांच्या पुढे वितळतं, घरगुती आगीत पाइप जागेवर उभा राहतो. आता हबलेस बिडाचे पाइपही मिळतात, रबर आणि स्टीलच्या क्लॅम्पने जोडायचे, शिसं नको. माझं मत स्पष्ट आहे: उंच इमारतीतला मुख्य उभा पाइप बिडाचा हवा. मात्र त्याला टॉयलेटचे आडवे पाइप प्लास्टिकचे जोडले, तर ते जळून तोंड उघडं पडतं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल दुकानदार एकच बाजू सांगतो.

बीड महाग आहे, जड आहे, बसवायला माणसं जास्त लागतात. बिल्डर नको म्हणणार. ठीक आहे, पीव्हीसी लाव, पण प्रत्येक स्लॅबखाली फायर कॉलर लाव. कॉलर म्हणजे लोखंडी कडं, आत उष्णतेने फुगणारा पट्टा. पाइप मऊ पडला की तो फुगून पाइप चिरडतो आणि भोक बंद करतो. कॉलर स्लॅबच्या खालच्या बाजूलाच हवी, कारण आग खालून येते. एका ठिकाणी मी ती वर ठेवलेली पाहिलीय, शोभेला. आणि थर्माकोल, पिवळा फोम भोकात नको. ते स्वतःच जळतात.

यात मी नवीन काही मागत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ म्हणते की पाइप, केबल जाण्यासाठीची भोकं १२० मिनिटं आग अडवणाऱ्या डक्टने बंदिस्त हवीत. ज्या डक्टच्या दाराला साधा प्लायवूड आहे, तो डक्ट नव्हे, कपाट आहे.

राहत्या सोसायट्यांनी पण बघा. दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी भरून देतात. आमच्याकडे आलेल्या माणसाने पंप चालू करून पाहिला, होज बघितला, सही केली. डक्टचं दार उघडलंच नाही. मीच उघडलं, तर आत मागच्या भाडेकरूची गादी होती.

मेहुण्याने अजून टोकन दिलेलं नाही. बिल्डरला लेखी विचारलंय: उभा पाइप कशाचा, कॉलर कुठल्या कंपनीची, टेस्ट सर्टिफिकेट दाखवा. आठ दिवस झाले, उत्तर नाही. सेल्सवाल्या मुलीचा फोन मात्र रोज येतो. तुम्ही कुठे फ्लॅट बघत असाल तर हेच तीन प्रश्न लेखी द्या, आणि काय उत्तर आलं ते मला कळवा.