‘शेजारी’ कोणाच्या मालकीचा?

प्रताप नगरातील काही तरुणांनी वस्तीत ‘शेजारी’ दाखविण्याचे ठरविले होते. एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन वृद्ध जिवलग, आणि धरणासाठी त्यांच्यात फूट पाडणारा धनिक, ही कथा आजच्या नागपुरात का दाखवावी हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. परंतु सभागृहाच्या व्यवस्थापकाने ‘मालकाचे पत्र आणा’ म्हणून अडविले. मालक कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हते. कार्यक्रम रद्द झाला. एवढ्याशा धाकाने घेतलेली ही माघार आम्हांला मुळीच पटलेली नाही.

वास्तविक हिशेब अवघड नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्काची मुदत तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. शांताराम केव्हा वारले, प्रभातची मिळकत पुढे कोणाकडे गेली, याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. ‘शेजारी’ १९४१ चा. मूळ मुदत ५० वर्षांची. म्हणजे १ जानेवारी १९९२ रोजी तो जनतेचा व्हावयाचा होता. पण रवींद्रनाथांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्कही त्याच वेळी संपत होता! म्हणून डिसेंबर १९९१ च्या अखेरीस सरकारने घाईघाईने अध्यादेश काढला आणि मुदत सरसकट ६० वर्षांची केली. एका संस्थेच्या निमित्ताने साऱ्या देशाचा ठेवा आणखी १० वर्षे कुलपात गेला. १९३९ चा ‘माणूस’ तेवढा आधीच सुटला होता.

तीही वाढीव मुदत ३१ डिसेंबर २००१ रोजी संपली. मात्र कथा, गीते व संगीत यांचे हक्क निराळे असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले. त्यांच्या चाली चित्रपटातून सुट्या काढून वापरावयाच्या तर २०३४ अखेरपर्यंत परवानगीचा प्रश्न उरतोच. ही सावधगिरी अवश्य पाळावी.

हक्क निर्माण होण्यास नोंदणी लागत नाही, त्यामुळे तो संपल्याची नोंदही कोठे होत नाही. या अंधाराचा लाभ जुन्या वस्तूवर नवी मालकी सांगणाऱ्यांना मिळतो. वर्गणी काढून पडदा बांधणाऱ्या मंडळाला वकील परवडत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जनतेच्या पैशावर उभे आहे. मुदत संपलेल्या चित्रपटांची वर्षवार यादी शासनाने त्याच्याकडून दरसाल १ जानेवारीस प्रसिद्ध करवावी, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर प्रताप नगरच्या तरुणांनी प्रसिद्धीच्या वर्षाचा पुरावा जवळ ठेवून पुन्हा तारीख ठरवावी. कोणी दाव्याची पोकळ धमकी दिलीच, तर त्याच कायद्याच्या कलम ६० खाली उलट आपणच न्यायालयात जाऊन तिचा निकाल मागू शकतो.