वणव्याचा धूर आणि शहरांचा वाटा

कॅनडातील वणव्यांच्या धुराने २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी केले. त्या धुरातील काजळी लोकांना दिसली, घशाला झोंबली; साहजिकच तिची चर्चा झाली. धुराबरोबर येणारा दुसरा उपद्रव मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे जमिनीलगतचा ओझोन.

उंच आकाशातील ओझोन अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो, म्हणून त्याला पुण्यवान मानण्याची सवय जडली आहे. तोच वायू श्वासावाटे आत गेला की दम्याच्या रोग्याला जेरीस आणतो आणि उभ्या पिकांचेही नुकसान करतो. तो कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय वाफा उन्हात एकत्र आल्या की हवेतच तो तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे गुपित हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास उकलले.

वणव्याचे गणित याहून गुंतागुंतीचे. जळणाऱ्या रानातून सेंद्रिय वाफांचे लोटच्या लोट निघतात. त्या मानाने नायट्रोजनची ऑक्साइडे थोडी, आणि त्यांतलाही बराच भाग काही तासांतच पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट या संयुगात अडकून पडतो. वरच्या थंड हवेत हे संयुग टिकते, दूरवर वाहत जाते, आणि खाली उबदार हवेत उतरले की फुटून आपला ठेवा मोकळा करते. म्हणूनच आगीपासून लांबच्या गावीही ओझोन वाढू शकतो. उलट धूर फारच दाट असेल तर ऊन अडते आणि ओझोनची निर्मिती मंदावते. पण खरी गोम पुढेच आहे. वाफांनी भरलेला हा धूर शहरावर आला की त्याला उणी असलेली ऑक्साइडे तेथील मोटारी आणि कारखाने सढळ हाताने पुरवितात.

अमेरिकेत ओझोनची आठ तासांची मर्यादा हवेच्या एक अब्ज भागांत ७० भाग अशी आहे. ती वणव्यामुळे ओलांडली गेल्याचे राज्याने सिद्ध केल्यास ती नोंद ‘असामान्य घटना’ म्हणून हिशेबातून वगळता येते. २००७ मध्ये झालेला व २०१६ मध्ये सुधारलेला हा नियम सर्वस्वी अन्यायाचा आहे असे नाही. दुसऱ्याच्या रानातील आगीचा दंड शहराने का भरावा? परंतु नैसर्गिक घटना कितीही वेळा घडली तरी कायद्याच्या लेखी ती असामान्यच राहते. पश्चिमेकडील राज्यांत वणवा हा उन्हाळ्याचा ठरलेला पाहुणा झाला असताना या शब्दाला अर्थ तो काय उरला? शिवाय नोंद खोडली की तिच्यातील शहराचा स्वतःचा वाटाही धुऊन निघतो.

वारंवार धुरात सापडणाऱ्या भागांकडून २०१६ च्या सुधारणेने उपायांचा आराखडा मागितला, हे खरे. पण नागरिकांना घरात बसावयास सांगणे हा त्यातला सोपा भाग. हवेत वाफांची रेलचेल झाल्यावर ओझोन किती होणार हे मुख्यतः ऑक्साइडांच्या पुरवठ्यावर ठरते, आणि तो पुरवठा शहराच्या हाती आहे. धुराचा अंदाज एक-दोन दिवस आधी वर्तविता येतो. त्या दिवसांत वाहतुकीला आणि कारखान्यांना आवर घालणाऱ्या राज्यालाच नोंद वगळण्याची सवलत मिळावी, अशी अट नियमात घालता येण्याजोगी आहे.