अंधारातले गवई

उन्हाळ्यात रात्री दोनच्या सुमारास कोकीळ साद घालू लागला की घराघरांत एकच प्रश्न निघतो : हा या वेळी का ओरडतोय? हाच प्रश्न आम्ही या अंकाचा विषय केला आहे.

कोकिळाचं उत्तर सोपं आहे. साद घालणारा नर असतो. विणीच्या हंगामात मादीला बोलावणं आणि हद्द राखणं तो रात्रीही चालू ठेवतो. दयाळ मात्र मुळात पहाटेचा गवई. शेपटी उभारून अंगणात फिरणारा हा काळा-पांढरा पक्षी शहरात दिव्याच्या खांबाशेजारी उजाडण्याच्या कितीतरी आधी शीळ घालू लागतो. दोष दिव्यांचाच, असं आपण पटकन म्हणतो. पण इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रॉबिन पक्ष्यांचा जो अभ्यास झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच दिसलं. जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथे रॉबिन रात्री गात होते. उजेडाचा परिणाम त्या मानाने कमी होता. दिवसा वाहनांच्या आवाजात गाणं बुडतं, म्हणून ते रात्रीची शांतता निवडत असावेत.

आपल्याकडे छोट्या गावांतही आता रस्ते रुंदावताहेत, रात्रभर दिवे जळताहेत. म्हणूनच या अंकात उजेड आणि गोंगाट या दोन्ही अंगांनी आम्ही या गाण्याकडे पाहिलं आहे. तुमच्या खिडकीबाहेर कोण गातं, किती वाजता, जवळ दिवा आहे की वाहता रस्ता, एवढं टिपून आम्हाला जरूर कळवा. निवडक नोंदी पुढच्या अंकात छापू.