बादलीत मावतं तेवढंच

काचेच्या पाच लिटरच्या डब्यात एक नारिंगी क्लाउनफिश गोल गोल फिरतोय, मागे निळा लाईट, खाली लिहिलंय 'माय पिको रीफ'. हा रील तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. माझा त्यातल्या 'पिको' आणि 'रीफ' या दोन्ही शब्दांवर आक्षेप आहे. 'माय'वर नाही. पैसे त्यानेच भरलेत.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, जिच्यात प्रवाळ आणि त्यांचे भाऊबंद जिवंत वाढतात. छोट्या टाकीला नॅनो म्हणतात आणि अगदीच छोटीला पिको. अगदीच छोटी म्हणजे केवढी? कुणी म्हणतं तीन गॅलनच्या आत, कुणी पाच. त्यात गॅलन कुठला तेही कुणी सांगत नाही. अमेरिकन गॅलन ३.८ लिटरचा, ब्रिटिश ४.५ चा. म्हणजे आपली व्याख्या ११ लिटरपासून २३ लिटरपर्यंत कुठेही ताणता येते. ऑफिसात अशी रिक्वायरमेंट आली असती तर मी तिकीट परत पाठवलं असतं.

मोजायचं काय, यावरही एकमत नाही. ३० बाय २० बाय २५ सेंटिमीटरची टाकी दुकानात पंधरा लिटरची म्हणून मिळते. पाच मिलिमीटरची काच वजा करा, वरची तीन सेंटिमीटर रिकामी जागा वजा करा, उरले बारा लिटरपेक्षा थोडे कमी. वाळू आणि दगड टाकल्यावर पाणी जेमतेम दहा. दुकानदार बाहेरून मोजतो कारण त्याला मोठी विकायचीय, हौशी माणूस आतून मोजतो कारण त्याला छोटी मिरवायचीय.

मिरवणाऱ्यांचा कळस म्हणजे टेबलावर पाच लिटरचा ठोकळा आणि खालच्या कपाटात साठ लिटरचा सम्प. पाणी पंपाने वर-खाली फिरतंय, फोटोत फक्त वरचं दिसतंय. बाबा रे, ही पासष्ट लिटरची टाकी आहे. तिला पाच लिटरची खिडकी आहे, एवढंच. सम्प लावणं चूक नाही, उलट शहाणपणाचं आहे. पण मग तो मोजा.

एवढं का चिडायचं, असं माझा रूममेट विचारतो. तो स्वतःच या लेखाचं एक कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका दुकानातून मी 'रेडीमेड पिको' घेतली. पाच लिटर पाणी, एक दगड, त्यावर झोअँथिडचे वीसेक तोंडं असलेले दोन झुबके. 'छोटी आहे, काही करावं लागत नाही, बिगिनरसाठी बेस्ट,' असं मला सांगितलं होतं. गणपतीला पाच दिवस गावी गेलो. जाताना रूममेटला म्हटलं, "पाणी कमी झालं की भर." त्याने इमानेइतबारे भरलं. परत आलो तेव्हा पातळी अगदी खुणेवर होती आणि सगळी झोअँथिडं मिटलेली. पुढच्या आठवड्यात ती विरघळत गेली. वासाने खोलीत बसवेना.

"अरे, पण मी तर तुझ्याच कॅनमधलं घातलं होतं!"

माझ्याच कॅनमधलं म्हणजे मिठाचं. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भरायचं ते गोडं आरओचं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण मलाच धड माहीत नव्हतं. दिवसाला १२० मिलिलिटर उडालं धरा, पाच दिवसांत ६०० मिलिलिटर. तेवढंच खारं पाणी परत घातलं की क्षारता हजारी ३५ वरून ३९ च्या पुढे जाते. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला क्षारता जवळपास ४० असते आणि तिथे प्रवाळ मजेत आहेत. पण ते तिथे पाच दिवसांत राहायला गेलेले नाहीत. हीच चूक दोनशे लिटरच्या टाकीत, रोज दोन लिटर उडत असताना झाली असती तर क्षारता ३७ पर्यंतही गेली नसती.

टाकीची प्रत्येक बाजू निम्मी केली की पाण्याचा पृष्ठभाग चौथाई होतो आणि पाणी आठवा हिस्सा. म्हणजे बाष्पीभवनाचा वाटा दुप्पट. त्यात पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी थंड ठेवायला पंखा लावला की ते आणखी उडणार. त्यामुळे छोटी टाकी सोपी, हे वाक्य विकणाऱ्याने रोज म्हटलं तरी खोटंच राहतं. झाकण लावणं आणि रोज पाहणं, याला पर्याय नाही.

मग छोट्या टाकीचा फायदा काहीच नाही का? एक आहे, आणि माझी व्याख्या त्यावरच उभी आहे. तिचं सगळं पाणी तुम्ही एका वेळी बदलू शकता. दोनशे लिटरवाला आठवड्याला वीस लिटर बदलतो आणि उरलेल्या एकशे ऐंशीचा हिशेब टेस्ट किटवर करत बसतो. माझ्याकडे एका हाताने उचलता येणारी दहा लिटरची बादली आहे. नवं पाणी आदल्या रात्री कालवून ठेवायचं, सकाळी क्षारता आणि तापमान जुळवायचं, जुनं काढायचं, नवं ओतायचं. संपलं. लपवलेल्या पाण्यासकट सगळी सिस्टीम एका बादलीत मावते ती पिको. अकरा की तेवीस हा वाद तिथेच मिटतो.

हे मला सुचलं हाजीअलीला, ओहोटीच्या वेळी. तिथल्या खडकांवरच्या डबक्यांत झोअँथिडं असतात. मूठभर पाणी, वर ऊन. ते तापतं, खारटही होत जातं. आणि काही तासांत भरती येऊन सगळं पाणी बदलून जाते, दिवसातून दोनदा. यावर एक मित्र लगेच म्हणाला, "म्हणजे अरबी समुद्र हा सम्पच झाला की!" झाला ना. पण ते डबकं 'मी समुद्राशिवाय जगतो' असा रील टाकत नाही.

आता मासा. क्लाउनफिश आठ-दहा सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगू शकतो. पाच लिटरमध्ये तो टिकला तरी त्याला जगणं म्हणायची माझी तयारी नाही. पिकोत मासा नको. एखादी गोगलगाय, एखादा खेकडा, बस. मासा पाहिजे तर मोठी टाकी घ्या, नाहीतर गप्पी पाळा.

'रीफ' या शब्दाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. झोअँथिड चुनखडीचा सांगाडा बांधत नाहीत. सांगाडा बांधून खरं रीफ उभारणारे दगडी प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तरी 'दोन इंचाचा तर तुकडा आहे, पिकोसाठी चालतं' असं ऐकू येतंच. वाघाचं नख दोन इंचाचं असलं तर चालतं का? मालवणच्या समुद्रातून फोडलेला तुकडा तुमच्या टेबलावर छोटा दिसतो, तिथे तो कितीतरी वर्षांची वाढ असतो. हाजीअलीच्या डबक्यातलंही काही उपटून आणू नका, बघून या.

शेवटची अट मुदतीची. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया बसायलाच काही आठवडे जातात आणि रील मात्र सातव्या दिवशी निघतो. आमच्या धंद्यात डेमोला टाळ्या पडतात आणि प्रॉडक्शनला गेल्यावर रात्री दोनला फोन येतो. म्हणून एक वर्ष. चारही ऋतू, लोडशेडिंग आणि एक गणपती पार पडल्याशिवाय नाव लावायचं नाही.

माझ्या आताच्या टाकीत नऊ लिटर पाणी आहे, तीन झुबके, एक गोगलगाय, आणि तिला अकरा महिने झालेत. त्यामुळे अजून तिला मी पिको म्हणत नाही. वर पट्टी चिकटवलीय: 'फक्त आरओ. हात घालू नये.' दुसरं वाक्यही महत्त्वाचं आहे, काही झोअँथिडांत जबर विष असतं. या गणपतीलाही गावी जाणार आहे. रूममेटला रोजच्या मापाच्या पाच बाटल्या भरून, वार लिहून दिल्यात.