मनीचं कार्ड आणि आमच्या अक्काचा बीपी



बेळगावात शहापूरला माझा दवाखाना आहे, त्याला यंदा 35 वर्षं झाली. एकेका घरातल्या तीन तीन पिढ्यांच्या नाड्या बघितल्या. आमच्या घरात दोन मांजरं आहेत. एक मनी आणि दुसरा तिचाच पांढरा बोका. त्याला आम्ही तात्या म्हणतो, कारण दुपारी जेवून झालं की तो आरामखुर्चीत ताणून देतो, अगदी माझ्या वडिलांसारखा.

पेशंट विचारतात, "काय ओ डॉक्टर, तुम्ही डॉक्टर असून घरात मांजर पाळलाय?" मी म्हणतो, डॉक्टर आहे म्हणूनच नीट पाळलंय की. आज त्याबद्दलच लिहितोय, कारण आपण मांजराला नको तिथं भितो आणि भ्यायला पाहिजे तिथं निवांत बसतो असं माझं मत झालंय.

मागच्या वर्षी ओळखीच्या घरात सूनबाईंना दिवस गेले. चार बायका जमल्या, "पोटातल्या बाळाला मांजराचा रोग होतो" म्हणाल्या आणि सात वर्षांचं मांजर पोत्यात घालून येळ्ळूरच्या रस्त्याला सोडून आले. सूनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आजार खोटा नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे आणि तो मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो. पण विष्ठेत पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मांजराची रेती रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली, की धोका फार कमी होतो. माणसाला हा जंतू अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि बागेतल्या मातीतूनही मिळतो. मग मांजरालाच पोत्यात घालायचं कारण काय? त्याच घरात मी विचारलं, "सूनबाईंचं हिमोग्लोबिन किती? बीपी कधी बघितला?" सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं.

याच्या उलट गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका काकूंची. भटक्या मांजराला हुसकावताना त्यानं हाताला ओरबाडलं, रक्त आलं. काकूंनी हळद दाबली, वर चुना लावला आणि पोळ्या लाटायला बसल्या. तिसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता मला कळलं. म्हणाल्या, "कुत्रं कुठं चावलंय ओ, मांजर तर आहे!"

मंडळी, रेबीज मांजराकडूनही होतो. इंटर्न असताना मी एक पेशंट बघितला होता, शाळेत जाणारा मुलगा. गावात कुणीतरी झाडपाला दिला होता, तेवढ्यावर घरचे थांबले. तो आला तेव्हा पाण्याचा पेला समोर धरला की त्याचा गळा आवळून यायचा. आई बाहेर व्हरांड्यात बसून होती. आम्हाला काहीही करता आलं नाही. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर जवळजवळ प्रत्येक जण वाचतो. त्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर येतो.

म्हणून हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, दोन नव्हे. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दंडावर घेतली तर लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते, सरकारी दवाखान्यात कातडीत देतात तेव्हा चार वेळा जावं लागतं. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस कधीच संपले. मांजर घरचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं, पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. आणि चावा लहान दिसला तरी फसू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरची जखम मिटते आणि आत पू धरतो.

काकूंनी लस पूर्ण केली. आता त्याच मांजराला रोज भाकरी घालतात, लांबून.

मी सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातो. बेळगावच्या कितीतरी लोकांचा तो रोजचा रस्ता आहे. नाव सगळ्यांच्या तोंडी, पण इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस तयार व्हायची हे नव्या पोरांना सांगावं लागतं. 1980 साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. माझ्या दंडावर त्या लशीचा व्रण आहे, माझ्या मुलाच्या दंडावर नाही. त्याला त्याची गरजच पडली नाही. जे दुखणं आलंच नाही त्याची आठवण कुणाला राहत नाही, म्हणूनच आधीच काळजी घ्यायचं महत्त्व आपल्या माणसांना पटवणं अवघड जातं. कुंद्याचा डबा घेऊन "तुमच्यामुळं वाचलो" म्हणायला येणारे ऑपरेशन झालेले असतात. "तुम्ही बीपीची गोळी दिलात म्हणून मला काही झालं नाही" असं सांगायला कुणी डबा घेऊन येत नाही.

आता मूळ गोष्ट. ती लिहायला मला बरीच वर्षं लागली.

मांजर दुखणं लपवतं. आजारी पडलं की कपाटामागं जाऊन बसतं, ओरडत नाही. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमची थोरली बहीण, अक्का, अशीच होती. वडगावला दिलेली. घर, सासू, तीन मुलं, सगळं एकटीनं ओढलं. दर भाऊबीजेला मी विचारायचो, "बरी आहेस न्हवं?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" एकदा संध्याकाळी दवाखान्यात आली. बाहेर गर्दी होती. म्हणाली, "डोकं दुखूलंय रे, एक गोळी दे." मी टेबलावरून दोन गोळ्या सरकवल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बीपीचं यंत्र माझ्या हाताशी होतं. त्या दिवशी मी तीस-चाळीस लोकांचा बीपी बघितला असेल, अक्काचा बघितला नाही.

चार महिन्यांनी तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात पहिला आकडा 210/120 होता. त्यानंतर अक्का पाच वर्षं जगली, पण बोलली नाही. मी गेलो की डाव्या हातानं माझा हात धरायची. ती मला दोष देत नव्हती, आणि तेच मला जास्त लागायचं.

तिच्या दिवसकार्याच्या नंतरच्या आठवड्यात मनीच्या लशीची तारीख आली. सौभाग्यवतींनी फ्रिजवरचं मनीचं कार्ड काढलं. रेबीजची लस दर वर्षी वेळेवर, जंताचं औषध, वजन, सगळं लिहिलेलं. म्हणाली, "मांजराचं कार्ड आहे. तुमचं कुठाय? माझं कुठाय?" मी गप्प बसलो. मग दोघांनी बीपी बघितला. माझा 164/98 निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात मनीच्या लशीचा दिवस सगळ्यांच्या तपासणीचा दिवस आहे. घरात तिशीच्या पुढं जो कोणी असेल त्याचा बीपी आणि साखर त्या दिवशी बघायची, कामवाल्या मावशींचीसुद्धा. मावशींची साखर अशीच सापडली. या दोन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रातही होतात, त्यामुळं पैशाचं कारण सांगू नका.

एक आणखी, मांजरवाल्यांसाठी. ताप आला म्हणून मांजराला आपली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आपलं औषध मांजराला नको आणि शेजाऱ्याचं औषध आपल्याला नको.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, नाहीतर आमच्यासारखे बेळगावात, घरातली अक्का, वहिनी, काकू "मला काय झालंय" असं म्हणाली की विश्वास ठेवू नका. दंडाला पट्टा बांधा आणि आकडा बघा.

खाली तुमच्या मांजरांचे फोटो टाका, मला बघायला आवडतील. आणि सोबत लिहा, घरातल्या थोरल्या बाईचा बीपी शेवटचा कधी बघितला होता.